वीतभर दोऱ्याचा उद्योग

लहानपणी शिकलेलं माणूस मोठेपणी विसरत नाही, हे शिक्षणशास्त्राचं मूळ तत्त्व आहे. आमच्या समोरच्या धुरपताबाईंनी शिक्षणशास्त्र काय, पहिलीचं पुस्तकही उघडलेलं नाही. तरी हे तत्त्व त्यांनी मला दसऱ्याच्या आधीच सांगितलं होतं. ओट्यावर वाकळ शिवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लेकराला इकायला शिकवू नको माय. एकदा शिकलं का मंग इसरायचं न्हाई."

मी हसून सोडून दिलं. मी बी.ए. आहे, अर्थशास्त्र घेऊन. (माझ्या विद्यापीठाचं नाव काय असावं हे अकरा वर्षं झाली तरी ठरायचं आहे, पदवी मात्र ठरलेली आहे.)

विषय निघाला होता तो शाळेत आलेल्या परिपत्रकावरून. देश मागे का, तर मुलं नोकरी मागतात म्हणून. मुलं नोकरी का मागतात, तर त्यांना धंदा सुचत नाही म्हणून. आणि धंदा सुचत नाही, कारण तो पहिली ते चौथीत शिकवलेला नसतो. इतकी सरळ गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणून सर्व प्राथमिक शाळांनी 'बाल उद्योजक प्रोत्साहन सप्ताह' साजरा करावा, असं त्यात म्हटलं होतं. सप्ताह म्हटल्यावर गावाने पंगत कोणत्या दिवशी असं विचारलं. पंगत नाही म्हटल्यावर गावाचा उत्साह ओसरला. पण मुख्याध्यापक भीमाशंकर गुरुजींचा ओसरला नाही, कारण अहवाल त्यांना पाठवायचा होता.

गुरुजींनी माता समिती नेमली आणि मला अध्यक्ष केलं. हे गावचे ग्रामसेवक, मी त्यांची पदवीधर बायको. दुसरं नाव सुचण्याचा प्रश्नच नव्हता. समितीत अजून चौघी होत्या. त्यांनी पहिल्या बैठकीत अंगठे उमटवले आणि कापसाच्या वेचणीला गेल्या.

नियम एकच होता. प्रत्येक मुलाने गावाची एक गरज शोधायची, ती भागवायची आणि मोबदला घ्यायचा. मोबदला रोख नको, वस्तूत चालेल. 'फुकट केलेलं काम म्हणजे राष्ट्रीय नासाडी,' हे वाक्य मीच सुचवलं आणि गुरुजींनी ते दर्शनी फळ्यावर लिहिलं.

मुलं हुशार असतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. विचारल्यावर आठ दिवसांत सत्तावीस उद्योग उभे राहिले. दुसरीतल्या मुंजाजीने पारावर बसलेल्या बापांना जेवायला बोलावून आणण्याचं काम घेतलं. बोलावल्याबद्दल तो आयांकडून गूळ घेई आणि बाप सापडला नाही असं सांगितल्याबद्दल बापांकडून शेव. तिसरीतली मनकर्णा उवा काढून देई. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे तीन डोकी होती, सप्ताह संपून दुसरा आठवडा लागला तेव्हा एकोणीस. ही वाढ कशी साधली हे तिने सांगितलं नाही, आणि माता समितीने धंद्याचं गुपित म्हणून विचारलं नाही.

आता माझी वैजू. वैजयंता, वय आठ, इयत्ता तिसरी. मी तिला पाणी उकळून देते, बोरं धुऊन देते आणि ती रस्ता ओलांडून गेली की खिडकीतून बघत राहते. तेव्हा तिचा उद्योग माझ्या खिडकीतून दिसेल असा असावा, एवढीच माझी अट होती. खिडकीतून धुरपताबाईंचा ओटा दिसतो. उद्योग तिथेच सापडला.

वाकळ शिवणाऱ्या म्हाताऱ्यांना टाके दिसत नाहीत असं नाही. टाके त्या बोटांनी बघतात. त्यांना दिसत नाही ते सुईचं नाक. त्यामुळे रस्त्यावरून जाणारं कुठलंही पोर हाताला धरायचं, "ये रं लेकरा, येवढा दोरा ओवून दे," म्हणायचं आणि कामाला लागायचं. ही पद्धत गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू होती आणि एकाही सुईचा मोबदला दिला गेल्याची नोंद नव्हती. माझ्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी हादरला. वैजूने दर सुईला मूठभर शेंगा असा दर लावला. मूठ कुणाची, हा वाद पहिल्याच दिवशी झाला. मूठ ग्राहकाची ठरली. (तिसरीतल्या मुलीने एवढं पाहणं कौतुकास्पद आहे.)

धुरपताबाई हसल्या आणि शेंगा दिल्या. दोन दिवसांनी मी वैजूची वेणी घालत होते. ती म्हणाली, "आई, आजी दोरा लय लांब तोडतात. अर्धा दिवस हाकच मारत नाहीत."

"मग दोरा तू तोडून देत जा," मी म्हटलं. "वीतभर."

एवढंच म्हटलं. माझ्या तोंडात दोन क्लिपा होत्या.

मागणी चौपट झाली. संध्याकाळी वैजू फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घेऊन येई आणि मी त्या निवडताना मनात म्हणे की पुस्तकातलं शिक्षण आणि हे शिक्षण यात किती फरक आहे. गुरुजींनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि वीतभर दोऱ्याचं तंत्र समजावून सांगायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून हातपंपावर पाणी हापसून देणारी पोरं बायकांना लहान कळशा आणायचा सल्ला देऊ लागली.

महिनाअखेरीस शिक्षण विस्तार अधिकारी पाहणीला आले. त्यांनी पहिलीच्या वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाला नाव विचारलं.

मुलगा म्हणाला, "काय देता?"

गुरुजींनी घाम पुसला. साहेबांनी मात्र वही काढून 'विद्यार्थ्यांमध्ये व्यावहारिक जागृती : शंभर टक्के' असं लिहिलं. चहाला चंद्रभान शिपायाने दूध आणायला एका मुलाला पाठवलं होतं. तो मुलगा दर ठरेना म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला, आणि साहेब कोरा चहा पिऊन गेले.

हळूहळू गावात फुकट असं काही उरलं नाही. कुणाची शेळी भलत्या शेतात शिरली तर पोरं बांधावर बसून दोन्ही मालकांची वाट बघत. मला एकदा चक्कर आली, पाचवा लागला होता. मी वैजूला पाणी आण म्हटलं. ती उठली, माठापर्यंत गेली आणि मागे वळून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला खडीसाखर कबूल केली. पाणी थंड होतं.

मग एका दुपारी वैजू लवकर घरी आली. "आजी म्हणतात, नगं."

मी तिला मागणी का घटते हे सोप्या भाषेत सांगितलं. ग्राहकाची क्रयशक्ती संपली असेल किंवा त्याला दुसरीकडे स्वस्त सोय झाली असेल. यातलं कोणतं कारण आहे हे पाहणं माता समितीच्या अध्यक्षांचं कामच होतं, म्हणून मी रस्ता ओलांडला.

धुरपताबाई सुई आभाळाकडे धरून बसल्या होत्या. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करायच्या, नेमाने सुईच्या शेजारून हवेत घालायच्या आणि पुन्हा ओलं करायच्या. अंगठ्याला चिंधी बांधली होती. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. त्यांना दिसले नाही.

"शेंगा सरल्या का, मावशी?" मी विचारलं.

"पेरायच्या व्हत्या त्या बी गेल्या," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "लय हुशार हाय तुजी पोरगी. तुज्यावर गेली."

मांडीवरची वाकळ मी तेव्हा नीट पाहिली. मध्ये माझं जुनं अबोली पातळ होतं, बोहारणीला द्यायला काढलेलं. कडेला ह्यांच्या फाटक्या धोतराचे तुकडे. आणि ती फार लहान होती. मोठं माणूस तिच्यात मावलं नसतं.

"एवढीशी कुणाला?"

"कितवा म्हैना हाय तुला?" त्यांनी विचारलं आणि दोऱ्याचं टोक पुन्हा तोंडात घातलं.

अर्थशास्त्रात या प्रकारच्या व्यवहाराला नाव आहे की नाही, मला आठवेना. मी त्यांच्या डबीतल्या अकराच्या अकरा सुया ओवून दिल्या. दोरे हातभर तोडले. वैजू खिडकीतून बघत होती. मी घरी आल्यावर तिने विचारलं, "किती मिळाल्या?"

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला पडून राहायला सांगितलं, आणि मी परभणीला माहेरी आले. उठायची सुद्धा बंदी आहे. हे निवडणुकीच्या कामाला जिंतूरकडे गेले. वैजू गावातच आत्याजवळ राहिली, शाळा बुडू नये म्हणून. अकरा सुया किती दिवस पुरतात याचा हिशेब मी इथे पडल्या पडल्या रोज करते. आठ, फार तर नऊ. मला येऊन चौदा झाले.

काल वैजूचं कार्ड आलं. अक्षर सुधारलंय. लिहिते : 'ती. आईस सा. न. आम्ही सर्व मजेत आहोत. सप्ताहात माझा पहिला नंबर आला. धुरपताआजीचं दार तीन दिवस झाले लावलेलं आहे. हाक मारली तर ओ देत नाहीत. आत्या म्हणते लेकीकडे झरीला गेल्या असतील. दार ढकलून बघून येऊ का? काय देशील?'

मी लगेच उत्तर लिहिलं, बाहुली कबूल केली. पण कार्ड पोचायला चार दिवस लागतात, आणि बाहुली कोणती यावर ती पुन्हा कार्ड पाठवील.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही ताडकळसच्या बाजाराला जात असाल तर आमचं गाव पुढच्याच फाट्यावर आहे. शाळेच्या मागची गल्ली, ओटा उजव्या हाताला, समोर खिडकीला हिरवा पडदा. एवढं वाचेपर्यंत तुमच्याही मनात एक छोटासा प्रश्न आला असेल. लाजू नका, मी तो इयत्ता पहिलीपासून शिकवलेला आहे आणि दर्शनी फळ्यावर लिहूनही घेतलेला आहे. देण्यासारखं माझ्याकडे आत्ता काही नाही.

तेवढं जाऊन या. दाराची कडी बाहेरून लावलीय की आतून, एवढंच बघा.