अवसेची तारीख

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी देवाप्पा काटा बघायला अकराला येणार होते. दहा वाजून गेले तरी नवा वजनकाटा पन्नास किलोचं पोतं पाचशे किलोचं दाखवत होता.

१९८८ साली बेळगावच्या उद्यमबागेत आण्णाप्पांच्या काट्यांच्या कारखान्याने वजनकाटा कंप्युटरला जोडला, तेव्हाची ही गोष्ट. दोघांमधला दुभाषी म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम. तो लिहिला येळ्ळूरच्या मष्णूने. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवायला कारखान्यातल्या जुन्या सिद्रामची ठरलेली पद्धत होती. एक अक्षर बदललं तरी सगळ्या फायली पहिल्यापासून घ्यायच्या, चाळीस मिनिटं. मष्णूने हट्टाने मागवलेलं नवं साधन तारीख-वेळ बघून बदललेली तेवढीच फाईल घेई. एक मिनिट!

आण्णाप्पांनी बजावलं होतं, "आज चाललं तर ठेवू. न्हाईतर परत धाडायचं, आणि पुन्यांदा नव्याचं नाव काढायचं न्हाय."

मष्णूला चूक सापडली. एक शून्य जास्त पडलं होतं. त्याने ते काढलं, साधन चालवलं. पडद्यावर उत्तर आलं : नवीन काही नाही.

"आरं, आत्ता बदललंय की!"

पुन्हा तेच उत्तर.

"लई शहाणं हाय रं तुझं साधन," सिद्राम म्हणाला. "काम न करताच झालं म्हणतंय. आमच्या मेव्हण्यावाणी."

मष्णूने फायलींच्या तारखा पाहिल्या आणि चमकला. तो कंप्युटर बंद केला की तारीख विसरे. रोज सकाळी ती घालायचं काम टायपिस्ट अक्काताईंचं.

"आक्का, आज कुठली तारीख घातलीसा?"

"एकादशीची. आज अवस न्हवं? अवसेला नवं काम कोण सुरू करतंय?"

म्हणजे आजची दुरुस्ती चार दिवसांपूर्वीची ठरली, आणि कालचा चुकीचा प्रोग्राम तिच्याहून ताजा! साधनाचं काही चुकलं नव्हतं. सांगितलं त्यावर त्याने भाबडेपणाने विश्वास ठेवला, एवढंच.

"तुझं बरं व्हावं म्हणून केलं रं बाळा," अक्काताईंचे डोळे भरून आले.

इतक्यात देवाप्पा दारात. मष्णूने तारीख बदलायला हात पुढे केला. "अवस नगं रं," अक्काताई पुटपुटल्या. आण्णाप्पांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सिद्राम, तुझ्या पद्धतीला तारीख लागती?"

"काय लागत न्हाय मालक. नमनापासनं सगळं."

"मग लाव."

मष्णूचा चेहरा उतरला. आण्णाप्पांनी पाहुण्यांना बसवलं, चहा सांगितला आणि कालच्या कीर्तनात ऐकलेलं आख्यान काढलं. गर्विष्ठ राजाचा हत्ती चिखलात रुतला. दोरखंड तुटले, सैन्य दमलं. मधेच आण्णाप्पा चाल धरून दोन ओळी गात, देवाप्पा मांडीवर ताल धरत.

चाळीस मिनिटांनी काटा बरोबर पन्नासवर थांबला.

"साहेब, बघा..." सिद्राम म्हणाला.

"थांब रं! हत्तीचं काय झालं ते ऐकू दे की," देवाप्पा खेकसले.

हत्ती निघाल्यावर त्यांनी काट्याकडे ओझरतं पाहिलं आणि दोन काटे सांगून गेले. मष्णू नव्या साधनाच्या फ्लॉपी खोक्यात भरू लागला.

"हे काय चाललंय?" आण्णाप्पांनी विचारलं.

"परत धाडायचं न्हवं?"

"ठेव. रोजच्या कामाला तुझंच चालू दे. फकस्त गिऱ्हाईक आलं की सिद्रामचं लावायचं." आण्णाप्पांनी उपरणं झटकलं. "एका मिनिटात हत्ती चिखलातनं निघत न्हाय बाबा."