बिनझाकणाचा बँजो

तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अंकल, अब चालू तो करो!" आणि आमचे वसंतभाऊजी तर स्टेजवर केव्हाचे वाजवत होते.

हे मला माझ्या सुनेने, रश्मीने, तिथल्या तिथे पाटीवर लिहून दाखवलं. मला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण त्यात माणसं सोडून सगळं ऐकू येतं. मिक्सर ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, शेजारची स्कूटर ऐकू येते. म्हणून ते मी चहाच्या जुन्या डब्यात ठेवून दिलंय आणि पिशवीत पाटी बाळगते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पाटीला पुरतं.

गणपतीतला कार्यक्रम होता. इथे उज्जैनमध्ये, नानाखेड्याला आमच्या कॉलनीचा हॉल आहे, तिथे. माइक शिट्ट्या मारायला लागला म्हणून भाऊजींनी तो हाताने बाजूला सारला. मंडळाचे सेक्रेटरी धावत आले तर त्यांना म्हणाले, "राहू दे. जिला ऐकवायचंय तिला माइकचा उपयोग नाही." हेही मी पाटीवरच वाचलं. भाऊजींच्या शेजारी एक खुर्ची मांडलेली होती. रिकामी. वाजवता वाजवता ते त्या खुर्चीकडे बघत. मागे बटाटेवड्यांची कढई चढली आणि त्या वासाने आधी मुलं उठली, मग मुलांना आणायला आया उठल्या, मग आयांना शोधायला बाप उठले. अर्धा हॉल रिकामा झाला. भाऊजींनी मान वर केली, सगळं पाहिलं, आणि पुन्हा वाजवायला लागले.

ती खुर्ची माझ्यासाठी होती. कार्यक्रमाआधी त्यांनी मला वर बोलावलं होतं. मी म्हटलं, "स्टेजवर बसायला मी काय नवरी आहे?" आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

वसंतभाऊजी माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी उज्जैनला आले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. सासूबाई आदल्याच वर्षी गेलेल्या. घरात आत्याबाईंचं राज्य. त्यांचा दंडक असा, की दीर कितीही लहान असो, त्याला अहोजाहोच करायचं. त्यामुळे मी त्या शेंबड्या पोरामागे "अहो भाऊजी, नाक पुसा," म्हणत फिरत असे. अजून आमचं अहोजाहोच आहे.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर एका वाक्यात सांगता येतो. हा माणूस प्रत्येक वस्तू वाजवून बघतो. मडकं आणि कलिंगड सगळेच वाजवतात. हे दार वाजवतात, बादली वाजवतात, डॉक्टरांकडे गेले की डॉक्टरांचं टेबल वाजवतात. "वाजवून घ्यावं, वहिनी. वस्तू खोटं बोलत नाही." एकदा मुलगी पाहायला गेले. मुलगी पोहे घेऊन आली तर हे तिपाई वाजवत बसलेले. परत आल्यावर आम्ही विचारलं, कशी आहे? म्हणाले, "शिसवी आहे." तिथून पुढे कोणी स्थळ आणलं नाही. बँकेत नोकरी केली, रिटायर झाले, आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. जेवायला खाली येतात.

माझे कान गेले तसं मी कार्यक्रमांना जाणं बंद केलं. लोक हसले की आपण हसायचं, लोकांनी टाळ्या वाजवल्या की आपण वाजवायच्या. त्यापेक्षा घरी बसून लसूण सोललेला बरा. रश्मीने समजावलं, मुलाने समजावलं. भाऊजींनी समजावलं नाही. फक्त एक दिवस पाटी घेतली आणि लिहिलं, "तुम्हाला एक तरी धून ऐकवल्याशिवाय मी मरणार नाही."

मी म्हटलं, "मग ऐकवू नका. पुष्कळ जगाल."

पण त्यांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या मोबाइलवर कुठले तरी परदेशातले म्हातारे येत. दाढ्या वाढलेले, लाकडी ओसरीवर बसलेले. हातात बँजो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. हा म्हणजे डफाला लांब दांडी लावायची आणि वरून पाच तारा ताणायच्या. हाताचा पंजा करून नखाने वरून खाली मारतात, कोंबडी माती उकरते तसं. मी विचारलं, हे कोण लोक? भाऊजींनी लिहिलं, "डोंगरातले. दिवसभर राबून संध्याकाळी वाजवतात. जुन्या काळचं संगीत. एकच धून, फिरून फिरून."

"कंटाळा नाही येत?"

"तुम्हाला पोळ्या लाटायचा येतो?"

"येतो," मी म्हटलं.

मग बँजो निवडणं सुरू झालं. बँजोतही जाती असतात हे मला तेव्हा कळलं. एक असतो त्याला मागून लाकडी झाकण. त्याने आवाज पुढे फेकला जातो, लांबपर्यंत जातो. दुसरा मागून उघडा, त्याचा आवाज मऊ, वाजवणाऱ्याच्या पोटाशीच राहतो. डोंगरातले म्हातारे हा उघडाच वाजवतात. कॉलनीत ज्याला त्याला भाऊजींनी हे समजावलं आणि ज्याने त्याने एकच सांगितलं: ऐकणारी बहिरी, तर झाकणवाला घ्या, सर्वात मोठ्या आवाजाचा. माझंही तेच मत. बहिऱ्या माणसासाठी मऊ आवाजाचं वाद्य घेणं म्हणजे आंधळीसाठी फिकट रंगाची साडी निवडणं.

फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ एक वाद्यांचं दुकान आहे. दुकानदाराने भाऊजींच्या सांगण्यावरून बाहेरून तीन बँजो मागवले. एक झाकणाचा, दोन उघडे. भर मे महिन्यात आम्ही तिघं गेलो, भाऊजी, रश्मी आणि मी. दुकानात शिरल्यावर भाऊजींनी खिशातून कापूस काढला, दोन्ही कानांत गच्च भरला आणि वरून लोकरी मफलर बांधला. घाम गळतोय. दुकानदार बघतच राहिला.

"अंकलजी, तबियत तो ठीक है?"

भाऊजींना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांनी झाकणवाला बँजो दुकानदाराच्या हातात दिला, तारा छेडायची खूण केली आणि स्वतः वाकून त्याच्या कडेला दात लावले. खरंच दात लावले. उसाला लावतात तसे.

"अरे अंकलजी, ये बजाने का है, खाने का नहीं!"

एवढं दुकानदाराच्या तोंडावरून मलाही वाचता आलं. रश्मी तर गिटारांच्या मागे जाऊन उभी राहिली, ओळख नको म्हणून. भाऊजींनी तिन्ही बँजोंना दात लावले. मग हनुवटी लावली, कोपर लावलं. मागून उघड्या असलेल्या दोघांत हात घालून आत चाचपलं. एकाच्या पोटातून लोखंडी सळई गेलेली होती, दुसऱ्याच्या पोटातून लाकडाची काठी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती काठी मुठीत धरून ते डोळे मिटून बसले. दुकानदार बिचारा तारा छेडतोय. मग भाऊजींनी कापूस काढला. त्या दोघांचं बोलणं रश्मीने मला नंतर लिहून दाखवलं.

"ये वाला."

"ये? ये तो सबसे धीमा है अंकलजी. वो ढक्कन वाला लीजिए, पूरा मोहल्ला सुनेगा."

"मोहल्ले को नहीं सुनाना."

"तो किसको सुनाना है?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. दुकानदार माझ्या कानाशी येऊन केवढ्याने तरी ओरडला. त्याच्या सुपारीचा वास आला, शब्द काही आला नाही. मग तो भाऊजींकडे वळला आणि कपाळाला हात लावला.

तो लाकडी काठीवाला घरी आला. त्यावर कातडं होतं, प्लास्टिक नव्हे. "प्लास्टिक नुसतं बडबडतं," म्हणे. पावसाळा लागला आणि ते कातडं सैल पडलं. मग रोज सकाळी भाऊजी स्वयंपाकघरात. मी तव्यावर पोळी टाकते आहे आणि हे शेजारच्या शेगडीवर बँजो शेकताहेत. एकदा मी म्हटलं, "तूप लावू का?" त्यांनी बँजो वाजवून पाहिला आणि मान हलवली, अजून कच्चा आहे.

दुसरा घोळ पोटाचा. या बँजोला मागे झाकण नाही, तर वाजवणाऱ्याचं पोट हेच त्याचं झाकण. पोट जास्त टेकलं की आवाज बसतो. म्हणून भाऊजींनी रात्रीचा भात सोडला. डॉक्टर दहा वर्षं सांगत होते तेव्हा सोडला नव्हता.

शिकत असताना वरच्या खोलीचं दार बंद. मी एकदा जिन्यावरून हाक मारली, "मला ऐकवायचं होतं ना? ऐकवा की." पाटीवर उत्तर आलं, "कच्चं वाढायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." पुढे गणपती आले. मंडळाने नाव विचारलं तेव्हा यांनी अट घातली: वहिनी येणार असतील तरच वाजवीन. सेक्रेटरी आमच्या घरी येऊन बसले. मी येते म्हटलं. त्यांना चहा करत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर असा तो कार्यक्रम. एव्हाना उरलेला अर्धा हॉलही वड्यांकडे गेला होता, फक्त खुर्च्या उरल्या होत्या. रश्मीही आमच्या वाट्याचे वडे राखायला गेली. भाऊजींचा हात चालूच होता. कपाळावर घाम, डोळे त्या रिकाम्या खुर्चीवर. मला राग आला. वाजवणारा चांगला की वाईट ते मला कळायला मार्ग नव्हता, पण वाढलेल्या पानावरून कोणी असं उठत नाही. मी उठले. गुडघ्यांना शिव्या देत स्टेजच्या पायऱ्या चढले आणि त्या खुर्चीत बसले.

"हं. वाजवा."

भाऊजी थांबले. खुर्ची थोडी तिरपी केली, बँजोची उघडी बाजू माझ्याकडे आणली आणि पोट होईल तेवढं आत घेतलं. मग माझा उजवा हात धरून मागून बँजोच्या पोटात घातला आणि त्या लाकडी काठीवर ठेवला. माझी बोटं एक एक करून त्यावर मिटवली. आणि वाजवायला लागले.

ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोला? पण हातात आलं. काठीतून बोटांत, बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत. एक जड, दोन हलके. एक जड, दोन हलके. फिरून फिरून तेच. झाकण असतं तर तिथे हात गेलाच नसता. लोखंड असतं तर नुसत्या झिणझिण्या आल्या असत्या. लाकूड नीट सांगत होतं. कापूस घालून, मफलर बांधून हा माणूस भर मे महिन्यात दुकानात काय शोधत होता, ते तेव्हा मला कळलं.

आणि तो ठेकाही ओळखीचा निघाला. आई गेल्यावर हा पोर झोपत नसे. आत्याबाई रागवत, म्हणून मी त्याला माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी गोधडीवर घेऊन थोपटत असे. मलाही माहेरची आठवण यायची, मीही जागीच असायची. एक जड, दोन हलके. झोप लागेपर्यंत. त्यांना हे आठवतं की नाही, ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

किती वेळ वाजवलं, कोण जाणे. माझा डावा हात माझ्याच मांडीवर पडायला लागला होता, त्या ठेक्यात. भाऊजींचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"अहो भाऊजी," मी म्हटलं, "नाक पुसा."

त्यांनी बाहीनेच पुसलं आणि ती धून शेवटपर्यंत वाजवली. शेवटपर्यंत हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. वाजवणारे वसंतभाऊजी, आणि ऐकणारी मी, ठार बहिरी.