सुतात आणलेली मोटार

"मोटार म्हनजे काय हो? चार चाकांचा मागच!"

पवनीच्या बाजारात भैय्याजींनी हे जाहीर केलं, तेव्हा चहा पिणारे दोघे ठसक्यानं बेजार झाले. भैय्याजींनी त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. घरी बारा हातमाग, तीन पिढ्यांचा धंदा, धागा नुसता चिमटीत धरून सुताचा नंबर सांगणारा माणूस! त्याला लोखंडाचं काय कौतुक? आणि मिस्त्री नावाच्या प्राण्याबद्दल तर भैय्याजींचं मत पक्कं होतं. "ज्याले काहीच जमत नाही, तो हात काळे करून मिस्त्री होते!"

मोटार त्यांनी दिघोरीच्या एका मालगुजाराकडून आणली होती. १९४९ सालची, विलायती. मालगुजाराच्या गोठ्यात पंधरा वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती दारात आली त्या दिवशी भैय्याजींच्या पत्नी शकुनबाई लिंबू-मिरची घेऊन बाहेर आल्या. भैय्याजींनी लिंबू-मिरची हिसकावून नालीत फेकली.

"सायन्सची वस्तू आहे हे! हे गावठीपन माह्या मोटारीले नाही पाह्यजे!"

शकुनबाई काही बोलल्या नाहीत. शकुनबाई काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांनी ऐकलं असा अर्थ वीस वर्षांत कधी झाला नव्हता. पण हे भैय्याजींच्या ध्यानात कधी आलंच नाही.

दोनच दिवसांत मोटारीला खोड लागली. ती डावीकडे ओढू लागली. स्टेरिंग जरा सैल धरलं की रस्ता सोडून नालीकडे निघायची. डावीकडे पानठेला असला तर लोकांना वाटायचं, भैय्याजी पान खायला थांबले. मग भैय्याजीही उतरून पान खायचे. बाजारातून घरी जाईपर्यंत चार-चार पानं व्हायची!

एवढं चाललं असतं. पण रविवारी त्यांच्या मुलीला, चंद्रकांताला, पाहायला आसगावचे श्यामराव मुलाला घेऊन येणार होते. हे तिसरं स्थळ. आधीची दोन भैय्याजींच्या जिभेनं परतवली होती. एका मास्तराला त्यांनी "मास्तरकी म्हनजे पोरं राखनं" असं ऐकवलं, दुसऱ्या दुकानदाराच्या गादीवर बसून त्याच्याच कापडाची सुतं उसवून दाखवली. बरं, या खेपेला पोरीनं मुलाला मंडईच्या जत्रेच्या गर्दीत पाहिलं होतं, आणि पाहिल्यापासून ती मागाच्या कांड्या भरताना गुणगुणत होती.

"हे सोयरीक मोडली त पोरगी काही बोलनार नाही, पन मी बोलीन!" शकुनबाईंनी बजावलं. "एस. टी. नं येऊ द्या त्याईले. मोटार कायले पाह्यजे?"

"मी कळवून बसलो, मोटार घेऊन येतो म्हनून! इज्जतीचा सवाल आहे!"

शनिवारी समोरचा सायकलवाला कवडू येऊन मोटारीभोवती फिरला. डावं चाक हातानं ढकलून पाहिलं.

"भैय्याजी, हे चाक अडखळून राहिलं. आतमधी काहीतरी गुतलं असन. खोलून पाहू का?"

"तू सायकलचे पंक्चर काढ, बापा! विलायती माल आहे हा!"

भैय्याजींनी रीळ मागवलं. मोटारीच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणलं, एक डोळा मिटला आणि जमिनीवर गाल टेकून पाहू लागले. अख्खी गल्ली जमली.

"डावं चाक दोन सुतं बाहेर आहे!" भैय्याजी ओरडले. "माह्या मागावर असा धागा सुटला असता त मी विनकराले हाकललं असतं! इंग्रजाले कोनी हाकललं नाही!"

"हाकललं ना जी," कवडू म्हणाला. "सत्तेचाळीसमधी."

गल्ली हसली. भैय्याजी पाना घेऊन मोटारीखाली सरकले. चाकं जोडणारा दांडा त्यांनी सूत सरळ दिसेपर्यंत पिळला. तेवढ्यात डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला त्यांना नवल दिसलं. चिखलानं आणि ग्रीसनं माखलेल्या पाच काळ्या गोट्या, दोरीत ओवून दांड्याला बांधलेल्या. उजवीकडे पाहिलं, तिकडे नव्हत्या. दोरी ढिली पडून तिचं एक टोक चाकाच्या आत गेलं होतं.

"सापडलं!" खालून आवाज आला. "चाकाचा तोल साधाचे वजनं आहेत हे! ढिले झाले म्हनून ओढते!"

त्यांनी दोरी करकचून आवळली आणि गोट्या हातोडीनं ठोकून पक्क्या बसवल्या. एक फुटली. काळा रस बोटांवर आला. "विलायती ऑइल आहे," म्हणत भैय्याजींनी त्याच बोटांनी कपाळाचा घाम पुसला. मग नाक खाजवलं. मग मिशा सारख्या केल्या.

रविवारी सकाळी आरशात भलताच माणूस होता. एक डोळा मिटलेला, नाक वांग्याएवढं, आणि वरचा ओठ मिशीसकट पुढे आलेला.

"अवो, हे काय झालं?" शकुनबाई किंचाळल्या.

"ऑइल मानवलं नाही," भैय्याजी ओठाखालून म्हणाले आणि मोटारीत बसले.

मोटार आता पूर्वीच्या दुप्पट डावीकडे ओढत होती. भैय्याजींनी स्टेरिंग उजवीकडे दाबून धरलं आणि घामाघूम होत आसगाव गाठलं. श्यामराव शांत, जाडजूड शेतकरी. त्यांनी पाहुण्याचं तोंड पाहिलं, आणि सज्जनपणानं नजर दुसरीकडे वळवली. मुलगा घनश्याम पुढे बसला, श्यामराव मागे. घनश्याम भंडाऱ्याला एस. टी. च्या डेपोत आहे, एवढं भैय्याजींना मध्यस्थानं सांगितलं होतं. डेपोत म्हणजे खुर्चीवर, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"मामाजी, मोटार डावीकडे ओढून राहिली का?" घनश्यामनं हळूच विचारलं.

"ओढत होती! कालच सुतात आनली. मिस्त्रीले हात लावू देला नाही. अहो, मिस्त्री म्हनजे काय? खालून झोपून वर पाहनारा मानूस! एक नट काढते अन् चार हरवते! त्याईच्या घरी पोरगी देनाऱ्याची कीव येते मले!"

मागे श्यामराव खोकले. घनश्याम गालात हसून खिडकीबाहेर पाहू लागला. भैय्याजींना वाटलं, पोराला आपलं म्हणणं पटलं.

गाव मागे पडलं आणि खालून फाट असा आवाज झाला. दोरी तुटली! डावीकडची ओढ एकदम गेली, आणि भैय्याजींनी तर स्टेरिंग जीव खाऊन उजवीकडे दाबलेलं! मोटार उजवीकडे वळली, शेताचा धुरा ओलांडला, आणि खळ्यात रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजन्यात बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत शिरली. वरून पेंढ्या कोसळल्या. सगळीकडे अंधार आणि तूस!

"कोनाचं पुंजनं आहे हे?" भैय्याजींनी अंधारात विचारलं.

"माह्यंच," मागून श्यामराव म्हणाले.

खळ्यावरच्या बायांनी तिघांना ओढून काढलं. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. घनश्यामनं सदरा काढून पुंजन्यावर टाकला आणि तो मोटारीखाली सरकला. खालून झोपून वर पाहू लागला! भैय्याजींचा उरलेला एक डोळाही मिटायला आला.

"तुमी... डेपोत..."

"वर्कशॉपात मिस्त्री आहो जी," खालून उत्तर आलं. "हा दांडा कोनी पिळला? जुन्या गंजाची खूण दिसून राहिली, तिथं परत आनतो. मोटारीत काही दोष नव्हता. चाकाले हे गुंडाळलं होतं, पाहा."

त्यानं दोरी बाहेर फेकली. श्यामरावांनी ती काडीनं उचलली. "हे त बिबे आहेत! दृष्टीचे बिबे! एक फुटला... मंग तुमचं तोंड बिब्याच्या तेलानं सुजलं जी!"

भैय्याजी दोरीकडे पाहत राहिले. चाळीस नंबरचं सूत, आठपदरी, घरच्याच रिळाचं. आणि ती गाठ! त्यांच्या घरात अशी गाठ एकच बाई मारायची. सुताची पारख आयुष्यात पहिल्यांदा नकोशी झाली.

पवनीपर्यंत घनश्यामनं मोटार चालवली. ती रेघ ओढल्यासारखी सरळ गेली. एकाही पानठेल्याजवळ थांबली नाही. भैय्याजी मागे बसून होते, आणि आपण आज काय-काय बोललो ते आठवत होते. पोरीचं गुणगुणणं आपण बंद केलं, असं त्यांना वाटत होतं.

पोहे झाले, चहा झाला, पुंजन्याची हकिगत सांगून झाली. श्यामरावांनी बशी खाली ठेवली. "पोरगी आमाले पसंत आहे. घनश्याम म्हनते, असा सासरा असला त मिस्त्रीले कामाची कमी नाही पडनार!"

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि कोणीतरी खुदकन हसलं. भैय्याजींनी हुश्श केलं, आणि मग त्यांना आपला मोठेपणा आठवला. शकुनबाईंकडे वळून ते गरजले, "मोटारीले बिबे बांधले कोनी? तुह्यापायी..."

"म्हनून त वाचले!" शकुनबाई म्हणाल्या. "एका अंगाले नाला, दुसऱ्या अंगाले झाडं, अन् मोटार नेमकी व्याह्याच्याच पुंजन्यात गेली! बिब्याशिवाय होते का हे?"

"खरं आहे जी, व्याहीनबाई," श्यामराव म्हणाले.

शकुनबाई आत गेल्या आणि नवी दोरी घेऊन आल्या. या खेपेला सात बिबे, जुन्या पातळाच्या चिंधीत बांधलेले. "मोटारीचा दोष नव्हताच," त्या म्हणाल्या आणि दोरी घेऊन थेट भैय्याजींच्या गळ्याकडे वळल्या.

भैय्याजींनी एकवार जावयाकडे पाहिलं, एकवार व्याह्याकडे, आणि मान खाली घातली.

"गाठ जरा ढिली बांधजो," ते म्हणाले.