जरा हात द्या

मैत्रीला इंग्रजीच्या तासाला उशीर होण्याची ती अकरावी वेळ होती. नववी ब च्या दारात उभं राहून तिने नेहमीसारखं विचारलं, "मे आय कम इन मॅडम?"

"व्हाय आर यू लेट?" प्रज्ञा मॅडमनी विचारलं. त्या शाळेत नव्याच आल्या होत्या, म्हणून असले प्रश्न विचारत होत्या.

मैत्रीचं बोलायचं इंग्रजी 'प्रेझेंट मॅडम'पासून सुरू होऊन 'मे आय कम इन'पाशी संपत असे. मागच्या बाकावर मुलगे फिदीफिदी हसले, मुली खाली बघायला लागल्या. शेवटी अमिषा उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं, "मॅडम, ती दरवाजा धरते."

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दरवाजाला दोन वर्षं कडी नव्हती. दरवाजा बाहेर उघडणारा. आतून धरायचा तर हात पोचत नाही, तेव्हा बाहेर कुणीतरी मूठ धरून उभं राहायचं. वर्गात मैत्रीच सगळ्यांत उंच आणि दणकट, त्यामुळे हे खातं न मागता तिच्याकडे आलं. मधल्या सुट्टीत एकेक मुलगी आत जाई, मैत्री इमानदारीत दरवाजा धरी, आणि तिचा स्वतःचा नंबर लागेपर्यंत घंटा होऊन सगळ्या पळालेल्या असत. यावर तिने एक उपाय शोधला होता. ती सकाळपासून पाणीच पीत नसे.

तिच्या वडिलांनी, रत्नपालनी, गेल्या वर्षी बाजारातून कडी आणून शाळेत दिलीही होती. पण मुख्याध्यापक हरेश्वर सरांनी "संस्थेच्या मालमत्तेला परवानगीशिवाय खिळा मारता येत नाही, प्रस्ताव वर पाठवलाय" असं सांगून ती टेबलाच्या खणात ठेवली. सर वाईट नव्हते. पण त्यांचं मन वळवणं म्हणजे ओहोटीच्या वेळी होडी हाताने ढकलत नेण्यासारखं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, 'पर्स्वेसिव्ह स्पीच.' म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारपासून एकेकाने तीन मिनिटं इंग्रजीत बोलायचं. नुसतं पाठांतर नको. ऐकणाऱ्याचं मन वळलं पाहिजे. ऐकायला मुख्याध्यापक सर येणार आहेत. आणि मैत्री, तुझा विषय ठरला. दरवाजा."

मैत्रीच्या तोंडचं पाणी पळालं. तसंही ते थोडंच होतं.

रविवारपर्यंत तिने शब्दकोश उपसून भाषण लिहून काढलं. 'रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स'ने सुरुवात, मधे चार परिच्छेद स्वच्छतेचं महत्त्व, आणि शेवटी हात उंचावून 'देअरफोर!' अंगणात उभी राहून ती ते घोकत होती, तेवढ्यात डोक्यावर माशांची पाटी घेऊन भागुबाई आली. भागुबाई किनाऱ्यावरच्या थळ गावची कोळीण. दर रविवारी टमटममधून उतरून सगळ्या गावाला मासे खाऊ घालणारी. पाटी डोक्यावर तशीच ठेवून तिने ते भाषण 'रिस्पेक्टेड'पासून 'देअरफोर'पर्यंत उभ्याने ऐकलं.

"काय बोलतंस ग पोरी!" ती म्हणाली. "मना एक अक्षर कळला न्हाय, पन अंगावर काटा आला बघ."

मैत्री फुलली.

"पन तू इकतंस काय?"

"विकत नाही मावशी, भाषण आहे. सरांना पटवायचंय."

"मंग इकनंच झाला की. तुझा सर लांब बसनार, तू लांब उभी ऱ्हानार. आयकंल, टाळी वाजवंल, घरा जाईल. मी हितनं वरडले, मासं घ्या मासं घ्या, तर कोन घेतंय? थांब, दावते तुला." आणि तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "रत्नपालदादा!"

रत्नपाल पेपर हातात घेऊनच बाहेर आले. "भागुबाई, आज काही नको. कोंबडी आणलीय, शिजतेय पण."

"नको तर नको. मी कुठं घे बोलते? मान धरलीय, जरा हात दे, उतरवून घटकाभर टेकते."

आता डोक्यावर भार घेतलेल्या बाईला नाही कोण म्हणेल? रत्नपालनी पेपर काखेत धरला आणि पाटीला हात दिला. पाटी जमिनीला टेकली, आणि टेकताक्षणी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कारण त्या किनाऱ्यावरचा हा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे. पाटी उतरवायला ज्याने हात दिला, त्याने काहीतरी घ्यायचंच. उतरवलेली पाटी तशीच उचलून द्यायची नाही. तिचाही दिवस वाया जातो आणि आपलाही. पाच मिनिटांनी रत्नपाल बोंबलांचा वाटा घेऊन, मान खाली घालून स्वयंपाकघरात गेले. आत कोंबडी शिजतच होती.

मैत्री हे लहानपणापासून दर रविवारी बघत आली होती आणि आजवर तिला ते कधी दिसलंच नव्हतं. ती तोंड उघडं टाकून भागुबाईकडे बघत राहिली. एक शब्द पटवण्याचा नाही, विनंती नाही, आणि एवढा मोठा माणूस कोंबडी शिजत असताना बोंबील घेऊन आत गेला! हिला शाळेत कुणी शिकवलं असेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि भागुबाई तर शाळेत गेलीच नव्हती हेही आठवलं.

"पयला हात लागला पायजे," पाटी उचलताना भागुबाई म्हणाली. "तोंड मागनं चालवायचा."

शिकवण थोर होती, पण भाषणाला सरांचा हात कसा लावायचा, ते काही मैत्रीला सुचेना. तिने दरवाजाचं चित्र काढून पाहिलं. चित्राला कोण हात देणार? शेवटी नाद सोडून ती परत पाठांतराला लागली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सगळ्या मुली जाऊन आल्या, शेवटची अमिषा आत होती. मैत्री मूठ धरून बाहेर उभी होती आणि मनातल्या मनात भाषण म्हणत होती. शेवट जवळ आला तसं ते मनातून ओठांवर आलं, ओठांवरून हातात उतरलं, आणि "देअरफोर!" म्हणून तिने जो हात उंचावला, त्याच हातात दरवाजाची मूठ होती. बिजागऱ्या दोन वर्षं खारा वारा खाऊन तयारच होत्या. कडकन आवाज झाला आणि फायबरचा अख्खा दरवाजा मैत्रीच्या हातात आला.

नशीब, अमिषा आत ओढणी नीट करत उभी होती. "मैत्री!" ती किंचाळली. "हे काय केलंस!"

"देअरफोर म्हटलं," मैत्री रडवेली होऊन म्हणाली.

घंटा झाली. दरवाजा तिथेच टाकावा तर पुढच्या मिनिटाला शिपाई सदाभाऊ बघणार. वर्गामागच्या बोळात नेऊन ठेवायचा असं ठरलं. मैत्रीने ओढणीची चुंबळ केली, दरवाजा डोक्यावर घेतला आणि भिंतीच्या कडेने निघाली. बोळाच्या अलीकडे फक्त नववी ब चं दार लागत होतं. नेमक्या त्याच दारात प्रज्ञा मॅडम उभ्या होत्या.

"मैत्री! सर येऊन बसलेत. पहिलं भाषण तुझंच. आत ये, लवकर!" मग त्यांना मैत्रीच्या डोक्यावर काय आहे ते दिसलं. त्या नकळत दारातून बाजूला झाल्या.

मैत्री आत शिरली. आडवा दरवाजा उभ्या दारात अडकला, तो तिरका करून शिरली. समोर पहिल्या बाकाजवळ खुर्चीत हरेश्वर सर, हातात गुणांचा कागद. मागे बाकांवर चाळीस पोरं. मैत्रीने तोंड उघडलं आणि 'रिस्पेक्टेड'सकट सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. मान भरून आली होती. दरवाजा एका बाजूला कलायला लागला. आणि तिच्या तोंडून निघालं ते इतकंच.

"सर, जरा हात द्या."

हरेश्वर सर आता मुख्याध्यापक असले तरी मूळचे थळचे. त्यांच्या आईने तीस वर्षं डोक्यावर पाटी वाहून त्यांना शिकवलं होतं. असल्या हाकेला त्यांचं डोकं विचार करत बसत नसे, पाय आधी उठत. ते उठले, दोन्ही हातांनी दरवाजा धरला आणि सवयीने, अलगद, मैत्रीच्या बरोबरीने खाली टेकवला.

दारातून अमिषाचा आवाज आला, "सरांनी पाटी उतरवली!"

सर आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. मग दरवाजाकडे. वर्गाकडे बघितलं, तर चाळीसच्या चाळीस पोरं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला नियम ठाऊक होता.

"हे बघा," सर म्हणाले, "प्रस्ताव वर..." आणि थांबले. उतरवलेली पाटी तशीच परत पाठवली हे घरी कळलं, तर ऐंशी वर्षांची आई काय म्हणेल, ते बहुधा त्यांना ऐकू आलं असावं.

आणि तेव्हा मैत्रीला इंग्रजी आलं. पाठ केलेलं नव्हे, कुठून आलं देव जाणे. "सर, धिस इज अवर डोअर," ती म्हणाली. "नो कडी. टू इयर्स. आय होल्ड फॉर एव्हरीबडी. नोबडी होल्ड फॉर मी. सो आय डोन्ट ड्रिंक वॉटर." जरा थांबून तिने शेवटचं वाक्य सांगितलं. "कडी इज इन युवर टेबल."

मागचे मुलगेही या वेळी हसले नाहीत. प्रज्ञा मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे डोळे भरले होते. मग गिऱ्हाइकाने वाट्यावर जास्तीचं मागावं तसं सरांनी विचारलं, "घेतली पाटी. वर काय घालशील?"

"रोज वेळेवर येईन, सर," मैत्री म्हणाली.

"आणि हा निघाला कसा?"

"देअरफोर म्हणताना."

त्याच दुपारी खण उघडला. सदाभाऊने नव्या बिजागऱ्या मारल्या, आणि रत्नपालनी वर्षापूर्वी दिलेली कडी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती, ती आतून बसवली. मॅडमनी मैत्रीला दहापैकी नऊ गुण दिले. एक व्याकरणाचा कापला. सरांनी मात्र पुढच्या आठवड्यापासून शाळेत हात मागे बांधून फिरायला सुरुवात केली. कारण सोमवारी सकाळीच आठवीची चार मुलं मोडका बाक डोक्यावर घेऊन कार्यालयाच्या दारात उभी होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत अमिषा आत गेली. आतून कडी लागल्याचा खट्ट आवाज आला. मैत्री नेहमीप्रमाणे बाहेर मूठ धरून उभीच होती.

"मैत्री," आतून अमिषा म्हणाली, "सोड आता."

मैत्रीने मूठ सोडली. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला क्षणभर कळेना. मग ती नळापाशी गेली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली.