उकलून सांग!

झमकूयाडी कुणालाही थेट ‘हो’ म्हणत नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात हॉटेलवाल्यानं ‘चहा देऊ का?’ विचारलं, की ती कमरेवर हात ठेवते. ‘उकलून सांग. पाजनार कोन? अन् पिल्यावर म्हननार काय?’ डॉक्टर सुई घेऊन उभा असतो आणि ही विचारते, ‘हिच्यात काय हाय, उकलून सांग.’ शेजारच्या पोरीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी ‘पसंत ना?’ म्हटलं, तर ही मधूनच, ‘पसंत कोन? पोरगं, का त्याची नोकरी?’

बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. हिला मूलबाळ नाही, तरी सगळा तांडा हिला याडीच म्हणतो.

ही सवय तिला एका शब्दानं लावली. नवरा वारल्यावर दिरानं सगळं रान बळकावलं. याडीनं अर्ध्या हिश्श्यासाठी दावा लावला. त्याच सुमारास बायकांच्या राखीव जागेवर ती ग्रामपंचायतीत निवडून आली. दीर रोज कुरकुरायचा, ‘वहिनी, बाईमानसानं खुर्चीवर बसू न्हाई. राजीनामा देऊन टाक.’

एक दिवस वैतागून ती म्हणाली, ‘घे बाबा, दिला!’

दिरानं तिला सरळ तालुक्याच्या कोर्टात नेलं. आपल्या भागात निजामाच्या काळापासून कोर्टातला राजीनामा म्हणजे तडजोडनामा. कागदावर अंगठा उठला. साहेबांनी विचारलं, ‘राजीनामा कबूल आहे?’ याडी ठणकावून म्हणाली, ‘व्हय, राजीखुशीनं!’ तिचा वकील दिराच्याच जीपमधून फिरायचा. तो वरच्या पंख्याकडं बघत राहिला. हुकूमनामा झाला : झमकूबाईनं रानाचा हिस्सा सोडला.

खुर्ची सोडली असं समजून याडी घरी बसली. मग एकदा ग्रामसेवक आला. ‘याडी, बैठकीला काहून येऊन न्हाई राहिल्या?’

‘राजीनामा दिला की! कोर्टात, साहेबाच्या म्होरं!’

‘अवो, मेंबरचा राजीनामा सरपंचाकडं देतेत. कोर्टात काय देऊन आल्या?’

मी तेव्हा चळवळीची पत्रकं वाटत गावोगाव फिरत होतो. हे ऐकून पेटलोच. न समजता उठवलेल्या अंगठ्याला संमती म्हणायचं? ‘नवा दावा ठोकू!’ मी ओरडलो. याडीनं नेमलेल्या नव्या वकीलबाई म्हणाल्या, ‘आधी बसा. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर नवा दावा चालत नाही. ज्या कोर्टानं तो केला, त्याच कोर्टात अर्ज द्यायचा, की ही संमती नव्हतीच, फसवणूक होती.’

अर्ज दिला. उलटतपासणीला दिराचा वकील गुरकावला, ‘कबूल म्हणालात ना? हो की नाही?’

‘उकलून सांगा. कशाला?’

‘राजीनाम्याला!’

‘म्हनले. खुर्ची सोडते म्हनले. रानाचं नाव कोन काढलं व्हतं?’

‘बाई, ग्रामपंचायतीच्या खुर्चीचा राजीनामा कोर्टात कोण देतं?’

‘तेच म्हन्ते मी! मग माझ्या दिरानं मला तिथं आनलं काहून?’

कोर्ट हसलं. साहेबही हसले, मग एकदम गंभीर झाले. ग्रामसेवकानं साक्षीत बैठकीचा सगळा किस्सा सांगितला. तडजोडीचा हुकूमनामा रद्द झाला आणि मूळ दावा जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू झाला. अंगठा देणाऱ्या एका बाईनं कोर्टाचा हुकूम कोर्टाकडूनच पुसून घेतला होता! पुढच्या बैठकीत याडी खुर्चीवर ताठ बसली आणि म्हणाली, ‘मागचा ठराव उकलून सांगा.’ सरपंचांना घाम फुटला.

अर्धं रान तिला पुढं मिळालंच. मला मात्र आठवते ती मधली एक तारीख.

‘याडी, दर तारखेला कशाला येता? वकीलबाई आहेत की,’ मी म्हणालो. ती कोर्टाच्या दाराशी बसली होती. शिपायानं बाहेर येऊन पुकारा केला, ‘झमकूबाई भ्रतार खेमा राठोड, हाजिर!’

ती हलली नाही. शिपायानं दुसऱ्यांदा, जास्त मोठ्यानं पुकारलं. मग ती सावकाश उठली.

‘पहिल्यांदा ऐकू नाही आलं का?’ मी विचारलं.

‘आलं की.’ ती ओढणी सावरत म्हणाली. ‘मालकाचं नाव मला घेता येत न्हाई. अन् तांड्यात आता दुसरं कुनी घेत न्हाई.’

आणि ती आत गेली.