यादीबरहुकूम घरघंटी

“मग ते लाल का आहे?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“आई, लाल म्हणजे कॉम्प्युटरला तो पार्ट सापडत नाही. एवढंच!”

“मला तर सापडतो. कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. त्याला उठून बघायला काय झालं?”

“तो उठत नाही, आई. तो कॉम्प्युटर आहे.”

“तेच म्हणते मी. बसून खाणारा आणखी एक आणलास घरात.”

हे ऐकून कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या क्लेमेंट मास्तरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पेपर चार बोटं वर घेतला. (शाळेतून रिटायर झाल्यापासून घरातलं भांडण ते छापून आल्याशिवाय वाचत नाहीत.) भांडण सकाळी आठला सुरू झालं होतं. आता साडेदहा वाजत आले होते आणि माझा मुलगा ॲन्सेल्म अजून त्या पडद्यासमोरून हलायला तयार नव्हता. मीही नव्हते.

वसईजवळच्या गिरीज गावात आमच्या घरामागे, केळीच्या वाडीत, पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही घरघंट्या बनवतो. गिरणीत डबा घेऊन उभं राहायला नको, घरच्या घरी दळण. त्यातली पहिली घरघंटी मी बनवली, पंच्याऐंशी साली, एकटीने. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण मी मिक्सर उघडून घेतलं. आधी माझा, मग शेजारणींचे. (दोन मिक्सर पुन्हा जोडता आले नाहीत, पण कॉलेजात त्याला प्रॅक्टिकल म्हणतात असं ऐकलंय.) ॲन्सेल्म डिप्लोमा करून आला आणि नव्याण्णवच्या मे महिन्यात त्याने शेडमध्ये कॉम्प्युटर आणून ठेवला. माझं वर्कबेंच भिंतीला सरकलं.

तर त्या कॉम्प्युटरात एका घरघंटीला लागणाऱ्या त्रेचाळीस वस्तूंची यादी. ऑर्डर जाण्याआधी ती अख्खी पडद्यावर दाखवतात, त्याला म्हणे प्रीव्ह्यू. यादीतली वस्तू आमच्या कपाटाच्या रजिस्टरशी जुळली तर ओळ हिरवी, नाही जुळली तर लाल. सात ओळी लाल होत्या.

“लग्नाआधी मुलगी बघतात तसं म्हण की,” मी म्हटलं.

“हो, तसंच. आणि आता मी हे रिझॉल्व्ह ऑल दाबलं की सगळ्यात जवळचा पार्ट तो आपोआप जोडून टाकतो. बघ.”

त्याने दाबलं. सातही ओळी एका झटक्यात हिरव्या. पस्तिशीचा माणूस, पण चेहरा असा की जणू वाडीत त्यानेच केळी लावल्या.

“ॲन्सेल्म, तुला मी सात मुली दाखवल्या होत्या. तेव्हा हे बटण असतं ना, तर सगळ्यात जवळची म्हणून ह्या कुंपणापलीकडची तुझ्या गळ्यात पडली असती!”

शेडसमोर, घराच्या मागच्या दारात तांदूळ पाखडत बसलेली माझी सून एमिली इतकी हसली की सूप हातातून सुटलं. ॲन्सेल्म मात्र हसला नाही.

“आई, पाच वाजता ही यादी गोखिवऱ्याच्या टर्नरकडे फॅक्स होणार. पन्नास मशिनांचा माल. एकदा त्याने लोखंड कापायला घेतलं की बदल नाही. आणि आणखी एक. ही यादी चालली की कपाटाची किल्ली माझ्याकडे दे. तू आता आराम कर.”

आराम! चौदा वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला आहे. झोपेत कूस बदलताना टोचते, तेव्हा कळतं की मी अजून कामाची आहे.

“ठरलं,” मी म्हटलं. “ह्या यादीबरहुकूम एक मशीन मी जोडते. एक स्क्रू जास्त नाही, एक कमी नाही. चाललं, तर किल्ली तुझी. नाही चाललं, तर त्या सात ओळी मी सांगेन तशा भरायच्या, आणि किल्लीचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

“कबूल!”

मास्तरांचा पेपर खाली आला, त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेपर पुन्हा वर गेला. ते मला ओळखतात.

आता तुम्ही मिक्सरचा कपलर कधी काढलाय का? जगातले सगळे नट ज्या बाजूला फिरवले की सैल होतात, त्या बाजूला तो घट्ट होतो. त्याचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, नाहीतर मोटर फिरता फिरता त्याला सोडवून टाकेल. आमच्या घरघंटीचं पातं ज्या शाफ्टवर बसतं, त्या शाफ्टचे आणि त्यावरच्या नटाचे आटे असेच उलटे. कपाटात सरळ आट्यांची जोडीही असते, पण ती मिरची कांडायच्या मशीनची, तेही आम्ही बनवतो. त्याची मोटर दुसऱ्या बाजूला फिरते. जाडी तीच, लांबी तीच. कॉम्प्युटरने घरघंटीला मिरचीची जोडी देऊन टाकली होती.

मी ती लावली. लोण्यासारखी बसली.

मग चाकं. आम्ही दोन ब्रेकवाली आणि दोन साधी लावतो. यादीत ‘चाकं, नग चार’. कॉम्प्युटरने चारही साधी दिली. लावली. मग कापड. पीठ पडतं त्या तोंडाला मी स्वतः शिवलेली मांजरपाटाची पिशवी लागते, म्हणजे हवा बाहेर जाते आणि पीठ आत राहतं. यादीत नुसतं ‘कापड, नग एक’. रजिस्टरात सगळ्यात जवळचं कापड कुठलं? हात पुसायचं फडकं. मी फडकं बांधलं.

“आई, हे फडकं...”

“यादीत आहे.”

“पण ते कसं...”

“हिरवं आहे.”

 झाकणाची कडी मात्र मी दोनदा ओढून बघितली. मुलाला धडा शिकवायचा होता, मुलगा गमवायचा नव्हता.

मशीन ढकलत आम्ही स्वयंपाकघरात आणलं, मास्तरही पेपरासकट मागोमाग येऊन बसले. एमिली म्हणाली, “आई, शेडमध्येच चालवा ना. मी आत्ताच लादी पुसलीय.”

“गिऱ्हाईक काय शेडमध्ये दळणार आहे? तांदूळ ओत.”

तिने चार किलो तांदूळ ओतले. मी खुंटीवरची मास्तरांची काळी छत्री काढली, दारात उभी राहिले आणि उघडली.

“घरात छत्री?” एमिलीने विचारलं.

“ऊन लागतं मला.”

मास्तरांनी छत्रीकडे बघितलं. मग पेपराची घडी घातली, उठले आणि माझ्याशेजारी छत्रीखाली येऊन उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांना एकमेकांचं इतकंच कळलं तरी पुष्कळ.

ॲन्सेल्मने बटण दाबलं.

मशीन चाललं! छान चाललं. गोड आवाज, फडक्याखाली पिठाची बारीक धार. दहा सेकंद गेले. वीस गेले. ॲन्सेल्मने वळून माझ्यासमोर हात पसरला, किल्लीसाठी. खरं सांगते, माझा हात कमरेकडे गेला. (घाम पुसायला. पण गेला.) चौदा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, म्हातारे, तुझं डोकं फिरलं, आटे नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला, टक्.

मग टक् टक्.

मग जे झालं ते सांगायला सोपं, बघायला देखणं होतं. नट सुटला, पातं सुटलं, पात्याने जाळी फाडली, आणि चार किलो तांदळाचं जेवढं पीठ झालं होतं तेवढं सगळं, फडक्याला न जुमानता, छताला भेटायला गेलं. कडीने झाकण धरून ठेवलं, पण चाकांना धरणारं कोणी नव्हतं. थरथरत थरथरत मशीन निघालं ते फ्रिजच्या दिशेने. एमिली “येशू मारिया!” म्हणून ओट्यावर चढली. मशीन फ्रिजला जाऊन टेकलं, वायर ताणली गेली, प्लग उपटला आणि सगळं शांत.

छत्रीवर पीठ पडत राहिलं, हलकं हलकं. छत्रीखालचे आम्ही दोघं कोरडे. समोर आमचा डिप्लोमावाला, चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला निघालेल्या पोरासारखा, डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र. हात अजून किल्लीसाठी पुढेच. त्या तळहातावरही पीठ साचलं होतं.

“हं,” मास्तर म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं पहिलं भाषण.

दुपारी मी शेडमध्ये कॉम्प्युटरसमोरच्या गोल फिरत्या खुर्चीत बसले. (चांगली असते हो ती खुर्ची.) ॲन्सेल्म शेजारी उभा राहून टाइप करत होता. पुन्हा प्रीव्ह्यू, पुन्हा सात ओळी लाल. मी एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेले. शाफ्ट, उलट्या आट्यांचा. नट, तसाच. चाकं, दोन ब्रेकची, दोन बिनब्रेकची. कापड म्हणजे मांजरपाटाची पिशवी, आणि फडकं म्हणजे फडकं. तो शोधून जुळवत गेला, आणि ओळी एकेक करून हिरव्या झाल्या, खऱ्याखुऱ्या. पावणेपाचला तो स्कूटरवरून वसईला गेला, बूथवरून फॅक्स करून आला. येताना माझ्यासाठी पावही आणले.

“जिंकलीस, आई,” केसांतलं पीठ झटकत तो म्हणाला. “किल्ली तुझ्याकडेच. पन्नास मशिनं वाचवलीस.”

इथे मी थांबायला हवं होतं. थांबणं बहुतेक पाचवीत शिकवत असावेत.

“कॉम्प्युटरला मी बोल लावत नाही,” मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून म्हटलं. “तो बिचारा अडाणी, सांगाल तेवढंच ऐकणार. पण ही यादी लिहिली कोणी? नट म्हणे! कुठला नट, कसल्या आट्यांचा, कुठल्या मशीनचा, पत्ता नाही! इतकी अर्धवट यादी लिहिणारं माणूस माझ्या हाताखाली एक दिवस टिकलं नसतं. दुसऱ्याला कसं कळणार, हा साधा विचार नको? कोण आहे ते शहाणं? आणा त्याला माझ्यासमोर!”

ॲन्सेल्म छताकडे बघायला लागला. मास्तरांनी पेपर उघडला. आणि सकाळपासून तिसऱ्यांदा लादी पुसणारी एमिली, भुवयांवर अजून पीठ, पोछा बाजूला ठेवून शांतपणे म्हणाली, “आई, यादी मी तुमच्याच वहीवरून टाइप केली. शाफ्टपुढे आणि नटापुढे तुम्ही लिहून ठेवलंय, ‘कुठला ते मला माहीत आहे.’”