यीस्टमधली पाठराखीण

प्रत्येक प्रथिन जन्मतः सरळ दोरीसारखे असते. नीट घडी पडली तरच ते कामाचे ठरते. (माणसाचेही तसेच, पण त्यासाठी अनुदान मिळत नाही.)

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या ऊर्जाघरात, एक प्रथिन इतरांना घडी पडायला मदत करते. परळच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. जयवंत यांनी त्याला ‘पाठराखीण’ म्हटले. १९९८ साली वरळीच्या बीडीडी चाळीने आपल्या या सुपुत्राचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी फळ्यावर या प्रथिनाच्या साखळीची वैशिष्ट्ये लिहिली.

सुरुवातीचे वीसेक दुवे: पत्ता. ऊर्जाघरात शिरताच कापला जातो. (डॉक्टर हल्ली दादरला राहतात.)

मधला भाग: इंधन धरण्याची जागा. इंधनाशिवाय काम बंद. (गिरणी संपात डॉक्टरांच्या शेवंताआत्याने कोऱ्या चहावर भावाचा संसार आणि जयवंतची दहावी पार पाडली. विज्ञानात या अपवादाची नोंद नाही.)

उष्णता वाढली: पाठराखिणी वाढतात.

तयार प्रथिनात: पाठराखिणीचा अंशही उरत नाही.

टाळ्या.

“प्रश्न?”

मागच्या रांगेतून आत्या उठली. “काम झाला की ती रवता खंय रे, जयवंता?”

प्रश्न व्यावहारिक होता. आत्याचा भाऊ वारल्यावर, ती राहत होती ती चाळीतली खोली जयवंतच्या नावावर झाली होती. त्याच सकाळी त्याने आत्याला कळवले होते, की खोली दुसऱ्याला दिली आहे, तिने महिनाअखेर गावी जावे. गावच्या घराचे छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळले होते.

“आत्या, सायन्सचं विचारा,” अध्यक्ष शामराव म्हणाले. “घरचं घरी.”

“सायन्सचाच इचारतंय. तिका हाकलतत काय?”

डॉक्टर शास्त्रज्ञ होते. खोटे बोलता येईना. “नाही. ती तिथेच राहते. जुनी काढली तर नवीसुद्धा नीट घडत नाही.”

“मगे माका कित्याक काढतंस?”

डॉक्टरांनी फळा पुसला.

चाळ मात्र हेलावली. शामरावांनी तिथेच ठराव मांडला: ‘शेवंताआत्यांनी मुंबईतच राहावे, त्यांना कोणीतरी आपल्या घरी ठेवून घ्यावे.’ अनुमोदक, डॉ. जयवंत. ठराव एकमताने मंजूर. विरोध शून्य, तटस्थ शून्य. ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हा तपशील पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

(वाचता वाचता तुम्हीही ठराव मंजूर केलात. आभारी आहोत. आत्या ट्रंक घेऊन खाली उभी आहे. तुमच्याकडे खोल्या किती?)